पत्रपेटी पेढीवरच

जळगावच्या दाणा बाजारातील पेढीवर जुने रोजमेळ, खतावण्या जपून ठेवलेल्या असतात. सौदे नि बिले आणणारे ई-टपाल मात्र परक्या सर्व्हरवर पडून राहते. सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल पुसू शकते. जीएसटीचे दप्तर तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळणे बंधनकारक!

यासाठी थंडरबर्डसारखा विनामूल्य प्रोग्राम संगणकावर बसवावा. खाते जोडताना ‘आयमॅप’ निवडल्यास सर्व्हरवर पुसलेले पत्र संगणकावरूनही जाते. ‘पॉप’ निवडल्यास ते आपल्या डिस्कवर उतरते व तेथेच राहते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण तेवढी तपासावी, नाहीतर जळगावात उतरलेले पत्र धुळ्याच्या शाखेला दिसायचे नाही. डिस्कही कधीतरी बिघडतेच. वहीपूजनाच्या सुमारास दुसरी प्रत काढून तिजोरीत ठेवावी.