विश्लेषण : अलॉय चाकांसाठी लांब स्टड का बसवावे लागतात? त्यात धोका कुठे असतो?

गाडीचे खालचे व्हेरियंट घ्यायचे आणि अलॉय चाके बाहेरून बसवायची, हा अनेक ग्राहकांचा हिशेब असतो. दुकानात चर्चा होते ती डिझाइनची, इंचांची आणि किमतीची. चाक ज्यावर टिकून असते त्या चार-पाच स्टडची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही.

स्टड म्हणजे काय?

हबमधून बाहेर आलेला आटे पाडलेला दांडा म्हणजे स्टड. त्यावर चाक चढवून नट आवळले जातात. मारुती सुझुकी, ह्युंदाई, टोयोटाच्या गाड्यांत ही पद्धत आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत स्टड नसतात, तिथे बोल्ट थेट हबमध्ये जातात.

गाडीचे वजन स्टडवर तोललेले असते, असा समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. दाब कमी पडला, तर चाक सूक्ष्म हलू लागते, प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो आणि शेवटी तुटतो.

लांबी कमी का पडते?

स्टीलचे चाक पत्र्याचे असते, त्यामुळे नट बसतो तिथे ते पातळ असते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक तेवढेच मजबूत होण्यासाठी त्या जागी जाड ठेवावे लागते. जाडी वाढली की नटसाठी उरणारे आटे कमी होतात.

साधा नियम असा, की स्टडचा जेवढा व्यास, किमान तेवढी लांबी नटच्या आट्यांत गुंतली पाहिजे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत स्टड 12 मिलिमीटरचा आणि आट्यांमधील अंतर 1.25 मिलिमीटर असते. म्हणजे नट किमान साडेनऊ फेरे आत गेला पाहिजे. ह्युंदाईत हे अंतर 1.5 मिलिमीटर असल्याने 8 फेरे लागतात. चाक बाहेर काढण्यासाठी 5 मिलिमीटरची स्पेसर चकती घातली, तर मारुतीच्या स्टडवरचे 4 फेरे तिथेच गेले.

मग लांब स्टड टाकले की झाले?

नाही. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवतात. त्याच्या मुळाशी असलेल्या खाचा हबच्या भोकात रुततात. या भागाचा व्यास कमी असेल, तर नटबरोबर स्टडही फिरतो. जास्त असेल, तर हबला तडा जाऊ शकतो. हे काम प्रेसवर व्हायला हवे. नट आवळून स्टड ओढून घेतल्यास तो गाडी रस्त्यावर येण्याआधीच प्रमाणापेक्षा ताणला जाण्याचा धोका असतो.

दुसरा धोका नटचा. अलॉयबरोबर अनेकदा बाहेरून बंद टोकाचे नट मिळतात. स्टड गरजेपेक्षा लांब असेल, तर त्याचे टोक नटच्या तळाला आधी टेकते. पाना अडतो, नट घट्ट वाटतो. चाक मात्र सैलच असते.

स्टेपनीचे काय?

सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. चार चाके अलॉयची झाली तरी स्टेपनी बहुधा स्टीलचीच राहते. लांब स्टडवर हे पातळ चाक आणि बंद टोकाचे नट एकत्र आले, की वरचा धोका पंक्चरच्या वेळी, भर रस्त्यात उभा राहतो. शिवाय अलॉयच्या नटचा उतार स्टीलच्या चाकाला जुळेलच असे नाही. त्यामुळे कंपनीचे जुने नट गाडीतच ठेवावेत आणि स्टेपनी त्या नटांनी घट्ट बसते का, हे गॅरेजमध्येच तपासून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी देते त्या मापाचे अलॉय आणि त्यासाठीचेच नट घेणे म्हणूनच सर्वांत सुरक्षित. अशा वेळी स्टडला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

नट हाताने किती फेरे आत जातो, हे स्वतः मोजावे. शेवटची आवळणी एअर गनने न करता टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यानुसार करून घ्यावी. 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर ती पुन्हा तपासावी. दुकानदार स्टडऐवजी केवळ स्पेसर सुचवत असेल, तर आटे किती उरतात हा प्रश्न आधी विचारावा.