काठाच्या मातीचा हिशेब कोण मांडणार?

राज्य शासन २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा करते. हिवाळी पाहुणे नुकतेच उतरलेले असतात, दुर्बिणी बाहेर निघतात. फाल्गुन-चैत्राच्या वाट्याला असे कौतुक येत नाही. वास्तविक पक्ष्यांची खरी निकड याच दिवसांतली. पळस-सावरीच्या फुलांवर भोरड्यांचे थवे तुटून पडतात आणि एप्रिलअखेर मध्य आशियाकडे निघून जातात. चक्रवाक, धोबीही परततात. जे इथलेच, ते घरट्यासाठी जागा शोधू लागतात.

पुण्यात हा शोध अवघड होत चालला आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठाचे सुशोभीकरण करण्याची महापालिकेची योजना असून, काही टप्प्यांत भराव व बांधकामही झाले आहे. एप्रिल २०२३मध्ये झाडे वाचवण्यासाठी नागरिक 'चिपको'ची हाक देत रस्त्यावर उतरले, हे योग्यच झाले. परंतु त्यानंतरची चर्चा किती झाडे तोडणार आणि किती लावणार, याच आकड्यांभोवती फिरत राहिली.

खंड्या झाडावर घरटे बांधत नाही. काठाच्या कच्च्या दरडीत तो चोचीने बीळ कोरतो आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतो. वेडा राघूही तेच करतो. टिटवी आणि छोटा चिखल्या तर उघड्या खडेमातीवरच अंडी घालतात. ती खड्यांत इतकी बेमालूम मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. दरड दगड-सिमेंटने बांधून काढली की या पक्ष्यांचे घर गेले. मग शेजारी हजार रोपे लावली तरी त्यांना त्याचा काय उपयोग? पाण्याकडे उतरत जाणारी चिखलाची पट्टीही भिंतीपुढे टिकत नाही, आणि पाणपक्ष्यांचे खाद्य तर तिच्यातच असते.

पुणेकरांनी नदीकडे पाठ फिरवली आहे, त्यांना पुन्हा काठावर आणले पाहिजे, हा समर्थकांचा युक्तिवाद खोडून काढता येणार नाही. मात्र त्याआधी सांडपाण्याचे पाहावे लागेल. (कवडीपाटला शेकाट्यांची दाटी पाहून नदी सुधारल्याचा आनंद मानणारे भेटतात, शेकाट्यांना घाण पाण्यातले किडेही चालतात!)

प्रत्येक टप्प्याच्या कामापूर्वी मार्च ते जून या काळात बिळांची व घरट्यांची पाहणी व्हावी, काही दरडी जशाच्या तशा राखाव्यात आणि विणीच्या महिन्यांत तेथे यंत्रे थांबवावीत, ही मागणी अवाजवी नाही. हौशी निरीक्षकांच्या नोंदींना वजन नसते, असेही कोणी म्हणू नये. देशातील ९४२ प्रजातींचा आढावा घेणारा २०२३चा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरच उभा राहिला. येरवड्याजवळ डॉ. सलीम अलींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीरावर, किंवा विठ्ठलवाडीच्या झाडीत, चोचीत मासा धरून दरडीत शिरणारा खंड्या दिसला, तर जागा आणि तारीख टिपून ठेवावी. ही टिपणे पुढच्या टप्प्याची निविदा निघण्याआधी महापालिकेच्या टेबलावर पोहोचायला हवीत.