वैद्याच्या दारी हळदीची एक कुंडी

हरिद्रेवाचून आपल्यापैकी कोणाचाही चिकित्साव्यवसाय चालत नाही. चरकाचार्यांनी तिला लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न या महाकषायांत स्थान दिले. वाग्भटाचार्यांनी आमलकीसह तिला प्रमेहातील अग्र्य औषध मानले. परंतु हळदीचे रोप शेवटचे केव्हा पाहिले, असा प्रश्न केल्यास अनेकांना विद्यार्थीदशेतील वनौषधी उद्यान आठवावे लागेल. आज आपला परिचय उरला आहे तो डब्यातील पिवळ्या चूर्णाशी. प्रत्येक वैद्याने व औषधनिर्मात्याने निदान एक वर्ष तरी स्वतःच्या दारी हळद वाढवून पाहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

यास शेत लागत नाही. दीड फूट तोंडाची कुंडी, माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू एवढे पुरे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डोळे फुगलेला जेठा गड्डा दोन इंच खोल लावावा. पाणी बेताने द्यावे. ते साचले तर कंद कुजतो. वर्षा ऋतूत पाने जोमाने वाढतात, आणि कोकणात याच पानांत श्रावणातील पातोळ्या शिजतात. कंद उघडे पडू लागताच मातीची भर द्यावी.

खरा पाठ मिळतो तो शरदात. पहिल्या वर्षी आश्विनात मी उत्सुकतेपोटी एक फुटवा उकरला. हळकुंड कोवळे, पाणीदार व फिके निघाले. उरलेला गड्डा माघात, पाला पिवळा पडून वाळल्यावर काढला. तो भरीव, गर्द केशरी व तीव्र गंधाचा होता. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कंद शरदात घ्यावेत असे म्हटले आहे. मुळे मात्र ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडल्यावर घ्यावीत असे सांगितले आहे. हळद कंद आहे म्हणून तिला शरदाचा नियम यांत्रिकपणे लावला, तर अपक्व द्रव्य हाती येते. आमच्याकडील हवामानात पर्णपाताची खूणच तिला लागू पडते. सांगली-हिंगोलीकडील शेतकरीही पाला वाळण्याची वाट पाहतात. सूत्र खोटे नाही. ते कोठे लावावे, हे वनस्पतीच शिकवते.

काढलेली हळद उकडून उन्हात वाळवली की साधारण पाच किलोंची एक किलो उरते. हे घरचे हळकुंड दिसावयास मळकट, सुरकुतलेले असते. बाजारातील झळाळी हा हळदीचा गुण नव्हे, हे तेव्हा कळते. औषधनिर्मात्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चूर्णात मेटॅनिल यलो मिसळल्याचे, तसेच चूर्णात व अखंड हळकुंडांवरही लेड क्रोमेट वापरल्याचे प्रकार आढळलेले आहेत. ज्या द्रव्यास आपण विषघ्न म्हणतो, त्यातूनच रुग्णाच्या पोटात शिसे जावे, याहून मोठी विटंबना कोणती? यास्तव तयार चूर्ण घेऊ नये. अखंड हळकुंडे घ्यावीत, मोडून आतील रंग व गंध घरच्या नमुन्याशी ताडून पाहावा आणि प्रत्येक खेपेची शिशासाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. डोळ्यांची परीक्षा ही प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे.

एका कुंडीने औषधालयाची गरज भागणार नाही, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. परंतु कुंडी उत्पादनासाठी नसून मापदंडासाठी आहे. सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो, तो काही दागिने घडविण्यासाठी नव्हे.

येत्या अक्षय्य तृतीयेस आपल्या चिकित्सालयाच्या दारी एक गड्डा लावावा. रुग्ण विचारतील, विद्यार्थी पाहतील. आणि माघात कुंडी उपडी कराल तेव्हा, ज्या द्रव्याची योजना आपण आयुष्यभर करीत आलो, त्याची खरी ओळख होईल.