पोलादनगरीच्या छायेतील आदिवासी : अस्मिता आणि आरोग्याचा अतूट संबंध

भिलाई : दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाचे साठे घटत असल्याने भिलाई पोलाद प्रकल्पाचे भवितव्य आता रावघाटच्या डोंगरांवर अवलंबून आहे. त्यासाठी दल्ली-राजहरा ते रावघाट असा ९५ किलोमीटरचा लोहमार्ग हाती घेण्यात आला. मात्र, हाच डोंगर परिसरातील आदिवासींसाठी राजाराव या देवतेचे स्थान आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ भरपाईचा राहत नाही. श्रद्धास्थान आणि जंगल यांच्याशी बांधलेल्या समाजाचे स्वास्थ्य कशाने मोजायचे, हा त्याचा गाभा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर भिलाईच्याच इतिहासात सापडते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नियोजनबद्ध नगरात शाळा व रुग्णालये आली. परंतु खाणींत हाताने खनिज फोडणाऱ्या आदिवासी व छत्तीसगढी कंत्राटी मजुरांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले. मजुरी वाढली, पण वाढीव पैसा दारूत जाऊ लागला, तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम उघडली आणि महिला त्यात अग्रभागी राहिल्या.

याच काळात संघटनेने वीर नारायण सिंह यांची स्मृती जागविली. सोनाखानच्या या बिंझवार आदिवासी जमीनदाराने दुष्काळात सावकाराचे धान्य भुकेल्यांना वाटले होते. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपूर येथे फाशी दिले. ‘मागास’ हा शिक्का बसलेल्या मजुरांना त्यांच्यात स्वतःचा पूर्वज दिसला. पुढे १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून व श्रमातून दल्ली-राजहरा येथे शहीद रुग्णालय उभे राहिले. आत्मसन्मान आणि आरोग्य येथे एकाच चळवळीची दोन अंगे होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र त्यांच्या पश्चातही सुरू राहिले.

महाराष्ट्रातील गडचिरोलीचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींशी विचारविनिमय करून गावासारखी रचना असलेला दवाखाना उभारला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. परक्या वास्तूचे भय कमी झाले की रुग्ण वेळेवर उपचारासाठी येतो, हे त्यामागील सूत्र होते.

अर्थात, संस्कृतीचा गौरव हा औषध, पोषण व डॉक्टरांना पर्याय ठरू शकत नाही. उत्सवांना निधी द्यायचा आणि आरोग्य केंद्रे रिकामी ठेवायची, हा मार्ग आदिवासींची फसवणूक करणारा आहे. तसेच, नारायण सिंह यांचे नाव स्टेडियमला देणे सोपे. त्यांच्या वारसांना निर्णयाचा अधिकार देणे कठीण.

नेमका हाच अधिकार कायद्याने मान्य केला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला परंपरा व सामूहिक साधनसंपत्तीच्या रक्षणाचे अधिकार देतात. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि तेथील बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला.

छत्तीसगढच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ टक्के आदिवासी आहेत. भिलाईच्या भट्ट्या धगधगत राहणे देशाच्या हिताचे आहे, यात वाद नाही. परंतु त्याची किंमत कोणी व कोणत्या संमतीने चुकवायची, याचा निर्णय डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ग्रामसभांत खुलेपणाने झाला, तरच विकास आणि स्वास्थ्य हे परस्परांचे शत्रू ठरणार नाहीत.