कमलाला आंघोळ का करू दिली नाही

परवा तेंडुलकरांच्या 'कमला'चा प्रयोग पाहिला. हौशी पोरांनी केला, जीव तोडून केला. डोकं फिरलं ते पुढच्या तीन रांगांमुळं. कमला घरच्या बाईला विचारते की तुला कितीला विकत घेतलं, तिथं ह्या रांगा खदाखदा हसल्या. हसण्यासारखं काय होतं त्यात?

नाटक 1981 चं. त्याच साली इंडियन एक्स्प्रेसच्या अश्विनी सरीननं 2300 रुपये मोजून एक बाई विकत घेतली, बायांचा बाजार भरतो हे सिद्ध करायला. तेंडुलकरांनी तो धागा उचलला. नाटकातला जयसिंग जाधव दिल्लीतला नावाजलेला पत्रकार. बिहारच्या बाजारातून कमलाला 250 रुपयांत आणतो. तिला पत्रकार परिषदेत उभी करायची. तोवर तिनं आंघोळ करायची नाही, फाटकं लुगडं बदलायचं नाही. पुरावा मळकाच पाहिजे ना! तिथं पत्रकारांनी तिला काय काय घाण विचारलं, ते जयसिंग आणि त्याचा दोस्त घरी येऊन हसत सांगतात.

गोदीत पेटीवर काचेच्या पेल्याचं चित्र असलं की मुकादम बोंबलतो, हळू घे रे, फुटंल. कमलावर असलं चित्र कुणी काढलं नाही.

लोक म्हणतात पेपरवाले बड्यांच्या न्हाणीघरात शिरतात. शिरतात की. इंग्लंडच्या डायनाचा व्यायामशाळेतला चोरून काढलेला फोटो मिररवाल्यांनी 1993 साली छापला. ती कोर्टात गेली. 1997 ला पॅरिसच्या बोगद्यात तिची गाडी आपटली तेव्हाही फोटोवाले मोटारसायकलवरून मागं लागलेले. वाईटच ते. राजवाड्यातला असो नायतर झोपडीतला, माणसाची शिकार होऊ नये. पण डायनाच्या दाराला कडी होती, म्हणून ती मोडली असं म्हणता तरी येतं. कमलाला दारच नाही. अंगावरची चिंधी हेच तिचं घर, आणि तेच सकाळच्या चहाबरोबर घरोघर वाटायचं.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यात एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावच्या जमावानं मारली. आणि सुरवातीच्या बातम्यांत काय आलं? अनैतिक संबंध! मेलेल्या बाईची अब्रू आधी छापली, जात मागनं छापली. तिनं कुठल्या कोर्टात दावा लावायचा?

तेंडुलकरांशीही माझं भांडण आहे. स्वतः वर्तमानपत्रांत राबलेला माणूस, ढसाळांच्या 'गोलपिठा'ला 1972 साली प्रस्तावना लिहिणारा. आतलं माहीत होतं म्हणून तर जयसिंग इतका खरा उतरलाय. शेवटी शेठ त्यालाच नोकरीवरून हाकलतो, तेव्हा मालकाच्या पेपरातलं शौर्य किती भाडोत्री असतं तेही कळतं. हे सगळं मान्य. पण कमलाचं काय? तिची आश्रमात रवानगी होते आणि नाटक सरिताचं होऊन बसतं. जयसिंगच्या बायकोला कळतं की आपणही विकतच घेतलेल्या. कळू दे, बरंच झालं. पण एका पांढरपेशा बाईचे डोळे उघडायला पुन्हा एक आदिवासी बाई लागली, आणि काम झाल्यावर तिला विंगेत धाडली. जयसिंगनं दुसरं काय केलं होतं?

कुणी म्हणेल, असं केल्याशिवाय बाजार उघडा कसा पडणार? बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला तो मुक्यांनी बोलावं म्हणून. मुक्यांना टेबलावर उभं करून दाखवायला नाही.

प्रयोगानंतर त्या पोरांना म्हटलं, कमला आश्रमात गेल्यावरचा एक अंक मी लिहितो, कराल का? दिग्दर्शक म्हणाला, त्यात बघायला काय असणार? तरी लिहायला घेतलाय. पहिल्याच प्रवेशात ती आंघोळ करते. दार आतून लावून.