पोराला भगत नको, गच्चीला कठडा हवा

मागच्या उन्हाळ्यात दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मनगटाचं हाड जळगावला बसवून झालं होतं. माझ्याकडे आणला होता तो दंडावरच्या जखमेसाठी. जखम गोल होती, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि तिच्यात पू झाला होता. मी विचारलं, हे कशानं भाजलं? आई खाली बघायला लागली. आजीनं सांगितलं, "साहेब, पोरगं रात्री उठून चालतं. भगतानं डाग दिला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन-तीन महिन्यांपासून मुलगा झोपेतून उठायचा, डोळे उघडे ठेवून घरभर फिरायचा, एकदा गोठ्यात जाऊन उभा राहिला होता. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. सकाळी विचारलं तर काही आठवायचं नाही. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं लागलंय. आधी लिंबू उतरवलं, मग ताईत, मग कोंबडा, मग डाग. सगळं मिळून सात-आठ हजार गेले. मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायला गेलं आणि एका रात्री मुलगा चालत चालत गच्चीच्या कडेवरून खाली आला. वाळूचा ढीग होता म्हणून हातावर निभावलं. गच्चीला कठडा नव्हता. वडील काय करतात विचारलं, तर गवंडीकाम.

मला त्या वडिलांचा राग आला नाही. राग आला तो आपल्या सगळ्यांचा. ज्या गोष्टीनं मुलाचा जीव जाऊ शकत होता तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि जी गोष्ट नव्हतीच तिच्यावर घरानं दोन महिने पैसा ओतला.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. झोपेत चालणं ही बाधा नाही. तो झोपेचा एक विकार आहे आणि बहुतेक मुलांमध्ये तर विकार म्हणण्याइतकाही गंभीर नसतो.

आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. सुरुवातीच्या दोन-तीन तासांत सगळ्यात गाढ झोप लागते. या गाढ झोपेतून मेंदू कधी कधी अर्धवटच जागा होतो. हातपाय हलवणारा, चालवणारा, डोळ्यांनी वाट काढणारा भाग जागा होतो. विचार करणारा, भान ठेवणारा, आठवण साठवणारा भाग झोपलेलाच राहतो. त्यामुळे माणूस जिना उतरतो, कडी काढतो, कोपऱ्यात लघवी करतो, फडताळातून भाकरी काढून खातो, आणि सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. डोळे उघडे पण नजर शून्य, हे बघून घरच्यांच्या अंगावर काटा येतो, ते मी समजू शकतो. पण ती नजर भुताची नसते. ती झोपेची असते.

आता एक साधा हिशेब करून बघा. मूल नऊला झोपलं तर साधारण दहा-साडेदहाला उठून चालतं. लग्नाच्या वरातीतून येऊन बाराला झोपलं तर एक-दीडला चालतं. बाहेरचं काही येत असतं तर ते मूल किती वाजता आडवं झालं याची चौकशी करून आलं असतं का? "अमावस्येलाच होतं" असं सांगणाऱ्या घरांना मी एक वही करायला सांगतो. तारीख लिहा, झोपायची वेळ लिहा, उठल्याची वेळ लिहा. वही भरली की अमावस्या आपोआप मागे पडते. त्या जागी दिसतं ते असं: ताप होता, जागरण झालं होतं, परगावी झोपला होता, दिवसभर उन्हात खेळून दमला होता, लघवी तुंबली होती.

"पण साहेब, याच्या बापालाही लहानपणी असंच होतं. घराण्यालाच लागलंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! यातला पहिला भाग अगदी खरा आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात जवळपास दोन हजार मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या वयात १३ टक्के मुलं झोपेत चालत होती. आईवडिलांपैकी कुणालाच ही सवय नव्हती अशा घरांत बालपणात कधी ना कधी झोपेत चाललेली मुलं साधारण २२ टक्के होती. एकाला सवय असेल तर ४७ टक्के, दोघांना असेल तर ६० च्या वर. बापाचं नाक पोराला येतं तशी बापाची झोपही येते. घराण्याला काही लागलेलं नसतं.

मग भगताकडे जाऊन मुलं बरी होतात ती कशी? होतात ना. तशी ती न जाताही होतात. झोपेत चालणं सलग रोज होत नाही. आठ दिवस होतं, मग महिनाभर बंद असतं. आपण कधी धावतो? जेव्हा लागोपाठ तीन रात्री झालं तेव्हा. त्यानंतर ते आपोआप कमी होणारच असतं. शिवाय बहुतेक मुलांचं वयात येता येता थांबतंच. तेव्हा शेवटचा उतारा ज्यानं काढला तो यशस्वी! पुन्हा सुरू झालं की "तुम्ही पथ्य मोडलं" हे उत्तर तयार असतं. दोन्हीकडून जिंकणारा हा धंदा आहे.

लहान मुलांचं एक वेळ निभावतं. खरं वाईट होतं ते नव्या सुनांचं. बाळंतपणानंतर रात्र रात्र जागणारी, पहाटे चारला पाण्यासाठी उठणारी बाई एखाद्या रात्री झोपेत अंगणात जाऊन उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी "सुनेच्या अंगात येतं" ही बातमी गावभर होते. अशा एकीला माहेरी आणून सोडलेलं मी पाहिलंय. तिला गरज होती सलग सहा तास झोपेची. सासूनं बाळ एका रात्रीपुरतं घेतलं असतं तरी पुरलं असतं. कपाशीला, केळीला रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणारे आमचे शेतकरी भाऊ आठवडाभर जागे राहतात, मग एका रात्री झोपेतच चपला घालून मोटार सुरू करायला निघतात. विहीर कुठे आहे हे त्यांच्या पायांना माहीत असतं, आणि म्हणूनच तिथे धोका आहे.

भगतांवर एवढं बोललो, आता स्वतःच्या जातीवर. आम्ही डॉक्टर काय करतो? दोन मिनिटांत "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून झोपेची गोळी लिहून देतो. भगत निदान तासभर घरच्यांचं ऐकून तरी घेतो. आणि झोपेची गोळी इथे उलटी पडू शकते. झोल्पिडेम नावाच्या, सर्रास लिहिल्या जाणाऱ्या गोळीमुळे माणसं झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात. या प्रकारच्या गोळ्यांमुळे झालेल्या अशा ६६ गंभीर घटना, त्यांतले २० मृत्यू, लक्षात घेऊन २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गोळीच्या माहितीपत्रकात सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ती एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये आणि दुकानदारानं विक्रीची नोंद ठेवायला हवी. शेजाऱ्याच्या पाकिटातली अर्धी गोळी मागून घेणाऱ्यांनी हे वाचावं. वर दारू असेल तर विचारूच नका.

"झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो मरतो" हेही खरं नाही. पण हलवून, ओरडून, पाणी मारून उठवू नका. तो गोंधळतो आणि धक्का देतो, त्यात दोघांनाही लागतं. हळू आवाजात बोला, दंडाला धरून अंथरुणाकडे वळवा. बहुतेक वेळा तो गुपचूप येऊन झोपतो. सकाळी त्याची थट्टा करू नका. खाटेला बांधून तर मुळीच ठेवू नका.

घरात करायचं ते असं. मूल कठडा नसलेल्या गच्चीवर, धाब्यावर झोपवायचं नाही, कितीही उकडलं तरी. पारा ४५ ला गेला की आपल्याकडे घरात झोपवत नाही हे मलाही कळतं, मीही पहूरलाच राहतो. मग अंगणात खाली झोपवा, आणि तुम्ही दाराच्या बाजूला झोपा. वरची कडी लावा, तिला एक घुंगरू बांधा. विळा, कोयता, फवारणीचं औषध कुलपात. विहिरीला झाकण किंवा जाळी. रोज एकाच वेळी झोप, झोपण्याआधी लघवी. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्या. काही मुलांत त्याचा इलाज झाला की चालणंही थांबतं. रोज ठरावीक वेळीच उठत असेल तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी त्याला हलकेच जागं करून पुन्हा झोपवायचं, असं काही आठवडे करून बघा.

काही वेळा मात्र हे प्रकरण वेगळं असतं आणि तेव्हा थांबू नका. एका रात्रीत अनेकदा, अगदी एकाच तऱ्हेनं, काही सेकंदांसाठी अंग आखडत असेल तर ती फेफऱ्याची सुरुवात असू शकते. पन्नाशी उलटलेला पुरुष पहाटेच्या सुमारास स्वप्नात भांडत बायकोला लाथा-बुक्क्या मारू लागला, तर तो साध्या झोपेत चालण्याहून निराळा आजार आहे. अशांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात होतो, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मोठेपणी पहिल्यांदाच चालायला लागलं, तरीही तपासणी हवी.

आणि डाग देणाऱ्यांसाठी: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्या मुलाच्या घरच्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, भगत गावातलाच आहे, तक्रार कशी करणार. तक्रार झाली नाही. कठडा मात्र दिवाळीपर्यंत झाला.

तुमच्या घरी कुणी असं चालत असेल तर येताना दोन गोष्टी आणा. ती वही, आणि मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. उजेड थोडा ठेवा, चेहरा आणि हात दिसू द्या. मात्र व्हिडिओ घेता घेता त्याला एकटं सोडू नका. दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या बाजूला उभं करा.