आज्ञापालनाची मर्यादा

समाजाला शासनसंस्थेची गरज आहे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या तासाला हॉब्ज आणि रूसो यांच्या नावाने आपल्यापुढे येतो आणि उत्तरपत्रिका लिहून झाली की विसरला जातो. वास्तविक त्याचे उत्तर शोधण्यासाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्याने युरोपात जाण्याचे कारण नाही.

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजमधील, म्हणजे आजच्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयातील, विद्यार्थ्यांना वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही हेच घडले. कित्येकांना शिक्षणसंस्थेतून काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. हा आज्ञाभंग योग्य होता काय? माझ्या मते निःसंशय होता. निजामाच्या राज्यात लोकांना जबाबदार असे विधिमंडळ नव्हते आणि स्टेट काँग्रेसवर त्याच वर्षी बंदी आली होती. दाद मागण्याचे दारच बंद असेल, तर आज्ञा मोडण्यावाचून माणसाजवळ दुसरे काय उरते? पुढे याच राजवटीने रझाकारांना मोकाट सोडले. प्रजेचे रक्षण हे पहिले कर्तव्यच टाकून देणारे शासन आज्ञापालनाचा हक्कही गमावून बसते.

मग शासनच नको, असे म्हणावे काय? येथे महाड आठवावे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्याचे पाणी घेता आले नाही. त्यांना सरकारने अडविले नव्हते. अडविले ते रूढीने. शासन दूर झाले की माणूस आपोआप स्वतंत्र होतो, ही समजूत भाबडी आहे. रिकाम्या जागी गावातला बलवान येऊन बसतो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जाळण्यात आल्या. हाही शासनाच्या निर्णयाला विरोधच होता! परंतु १९३८ च्या विद्यार्थ्याने स्वतःचे वर्ष पणाला लावले, तर १९७८ च्या जाळपोळ करणाऱ्याने दुसऱ्याचे घर. ज्याचे घर जळत होते, त्याला त्या वेळी शासनाची नितांत गरज होती आणि तेच त्याला मिळाले नाही. त्या ठरावानंतर नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली.

महाडच्या लढ्याचा पुढचा भागही विचार करण्यासारखा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित केला, खटला लढविला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी बजावले की, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहासारख्या मार्गांचे समर्थन करता येणार नाही. हा इशारा मला मान्य आहे. पण कागदावर खुला असलेला मार्ग प्रत्यक्षात बंद असू शकतो, एवढी पुस्ती मात्र जोडावीशी वाटते. तसे असेल तेव्हा कायदा जरूर मोडावा. परंतु उघडपणे, हात न उगारता आणि शिक्षा स्वतः भोगण्याच्या तयारीने.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आपण संप पुकारतो, बसवर दगड भिरकावतो, परीक्षा बंद पाडतो. त्याची किंमत कोण मोजतो? पुष्कळदा ती मोजते खेड्यातून पहाटेच्या एस. टी. ने येणारी, एक वर्ष वाया गेले तर शिक्षणच सुटेल अशी मुलगी. तिच्या नुकसानीवर उभारलेल्या बंडाला १९३८ च्या विद्यार्थ्यांचा वारसा सांगण्याचा अधिकार नाही.